कोण फिरलं

"झडप ठणठणीत आहे," शिंपी म्हणाला, आणि भात्याला एकदम आपण चारचौघांत उघडे पडल्यासारखं वाटलं. खरं तर त्याला बरं वाटायला हवं होतं. झडप बिघडलेली निघाली असती तर नवी मागवावी लागली असती, ती येईपर्यंत पोशाख खुंटीला लटकला असता, आणि परीक्षा तर तोंडावर आलेली. तरी सकाळपासून तो मनातल्या मनात एकच घोकत होता, की झडप बिघडलेलीच निघू दे. शिंपी म्हणजे काही कपडे शिवणारा शिंपी नव्हे. विषारी वायू फुटला की आत शिरणाऱ्या वायुपथकाचे बंद पोशाख फुगवून तपासायचे, साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे, ठिगळं चिकटवायची हे त्याचं काम; नाव पडलं ते पडलं. त्यानं भात्याचा पोशाख टेबलावर पालथा घातला होता. मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये, रबराची वाटोळी झडप होती. ती त्यानं नखानं उचलली आणि सोडली. टप् करून ती जागच्या जागी बसली. "बघ, कशी शहाण्यासारखी मिटते. कोण म्हणालं बिघडलीय?" "कुणी नाही. मलाच आपलं वाटलं," भाता म्हणाला. शिंप्यानं त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. कुणालाही स्वतःची झडप दिसत नाही, ऐकूही येत नाही, हे शिंप्याला चांगलं ठाऊक होतं. पण तो पोशाखाची घडी घालू लागला.

म्हणाली होती नवी. आदल्या दिवशी सराव संपल्यावर दोघं बाकावर बसून बुटांतला घाम ओतत होती. घाम म्हणजे थेंब नव्हे, चांगला पेलाभर निघतो. नवीनं बूट उपडा केला, झटकला आणि सहज बोलावं तशी बोलली, "काका, तुमची झडप एकदा दाखवून घ्या ना. मी मागून बघत होते. सारखी उघडीच. मिटतच नाही." एवढंच बोलून ती केस पुसायला लागली. पथकात येऊन तिला जेमतेम काही महिने झाले होते, त्याआधी ती पोहायला शिकवायची. सगळं पथक त्याला भाता म्हणायचं. काका म्हणणारी ती एकटीच. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. खोच असती तर त्यानं दोन शब्द सुनावून मन मोकळं केलं असतं. तिनं फक्त एक गोष्ट पाहिली होती आणि सांगितली होती, जसं कुणी सांगावं की तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय. बंद पोशाखात पाठीवर हवेची टाकी आत असते, माणूस तोंडावरच्या मुखवट्यातून श्वास घेतो, आणि सोडलेला श्वास पोशाखात भरून त्या झडपेतून बाहेर पडतो. श्वास सोडला की झडप उचलते, घेतला की मिटते. ती मिटत नसेल तर दोनच कारणं. एक तर झडप गेलेली, नाहीतर माणूस, दम संपून सारखा धापा टाकणारा. आणि झडप ठणठणीत होती.

तो बाहेर पडला तेव्हा उन्हं कलली होती. हे शहर एवढ्या उंचावर वसलेलं, की खालून आलेला माणूस पहिल्या दिवशी ओकतो, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो आणि बरं वाटायला लागेपर्यंत त्याची निघायची वेळ होते. इथं पाणी लवकर उकळतं आणि बटाटा मात्र शिजता शिजत नाही; आगकाडी आळसावून पेटते. इथं जन्मलेल्यांना याचा केवढा तोरा. आमच्या रक्तातच आहे म्हणतात. भात्याच्या रक्तात ते सगळ्यांहून जास्त होतं असं मानलं जायचं. पथकात लागला तेव्हा पाठीवर टाकी बांधून तो पाण्याच्या उंच टाकीपर्यंतचा जिना पळत चढला होता आणि उतरताना शीळ घालत होता. तेव्हाचे नायक म्हणाले, हा माणूस नव्हे, लोहाराचा भाता आहे. तेव्हापासून घरचं नाव पडलं मागे, आणि हेच पुढे आलं. आता तो त्याच चढाच्या रस्त्यानं घरी चालला होता, हातात पिशवी नाही, पाठीवर ओझं नाही, आणि कान लावून स्वतःचा श्वास ऐकत होता. रस्त्यात माणूस स्वतःचा श्वास ऐकत नाही. ऐकायला लागला की चालणं बिघडतं, जसं जिना उतरताना पायांकडे पाहिलं की पाय चुकतो. काचा पुसणाऱ्या एका बाईनं त्याला ओळखून मान डोलावली. त्यानं हसून मान डोलावली आणि हसताना श्वास रोखला, हे त्याच्या ध्यानात आलं. किती वर्षं असा श्वास रोखतोय आपण, ओळखीचं माणूस दिसलं की?

पोशाखात मात्र दुसरं काही ऐकूच येत नाही. पथकातले त्याला पोतं म्हणतात. पोत्यात शिरलं, पाठीवरची चेन ओढली गेली, की जग संपतं. उरतो तो आपला श्वास, मुखवट्यात घोंघावणारा, आणि काचेवरचं धुकं, आणि आतली ऊब जी आधी बरी वाटते, मग नकोशी होते, मग तिचं काही वाटेनासं होतं, आणि तेच वाईट. खाली समुद्राकाठी म्हणे असल्या पोत्यात माणूस बराच वेळ काम करू शकतो. इथं हवाच विरळ. तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतात, टाकी लवकर उतरते, हातपाय आधी सांगत नाहीत, एकदम सोडून देतात. म्हणून एकटा कुणी आत जात नाही. जोडी जाते, जोडी येते. शीतगृहातला वायू फुटो, खाणीवरच्या रसायनाच्या टाक्या गळोत, दोघांपैकी जो आधी थकेल त्यानं दुसऱ्याच्या खांद्यावर हात मारायचा, की दोघांनी माघारी फिरायचं. लगेच, काही न विचारता. आणि बाहेर आल्यावर, कोण फिरलं, हे कुणी म्हणजे कुणी विचारायचं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही. भात्याच्या आधीच्या पिढीत एक जोडी आत गेली होती. दोघेही नावाजलेले, दोघांपैकी कुणीच हात मारला नाही. दोघांनाही बाहेर आणावं लागलं, आणि जे आणलं ते बोलण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून विचारायचं नाही. विचारलं की माणूस लाजेल, आणि लाजला की आतच राहील.

मेहुणा निवृत्त होऊन नवी आली त्याआधी भात्याची जोडी होती मेहुण्याशी. आधी जोडी जमली, मग मेहुणा झाला; त्याच्या धाकट्या बहिणीशी भात्यानं लग्न केलं. इतकी वर्षं दोघं एकत्र आत गेले, आणि भाता नेहमी पुढे. पुढे कोणी चालायचं यावर कधी बोलणंच झालं नव्हतं. भाता तो भाता, तो पुढे नाही तर कोण? आणि खांद्यावर हात पडायचा तो नेहमी मागून. प्रत्येक वेळी. एकदाही असं झालं नाही की भात्यानं आधी हात मारला. बाहेर कुणी विचारायचं नाही, भाताही पथकात चकार शब्द काढायचा नाही. नियम म्हणजे नियम. पण घर म्हणजे काही पथक नव्हे. सुट्टीच्या दिवशी मेहुणा जेवायला आला की भात्याची गाडी सुटायची. "मेहुण्यांना नीट वाढ गं, हवेवर जगणारा माणूस नाही तो!" "मेहुणे, जिना चढून आलात की उचलून आणलं कुणी?" सासू हसायची, बायको हसायची, मुलगी लहान होती तेव्हा मामाच्या पाठीत हात मारून म्हणायची, मामा, फिरा, फिरा. मेहुण्याशी चेष्टा करायची नाही तर कुणाशी करायची? मेहुणाही हसायचा. "जावईबापूंची छाती म्हणजे काय," म्हणायचा, आणि ताट पुढे करायचा. घरातलं बोलणं घरात राहत नाही. कुठून कसं, पण ते पथकात झिरपलं. नायकपद रिकामं झालं तेव्हा मेहुण्याचा अनुभव सगळ्यांहून जास्त होता, तरी कुणी त्याचं नाव घेतलं नाही. भात्याला तेव्हा वाईट वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. तो बायकोला म्हणाला होता, माणूस सोन्यासारखा आहे, पण दम नाही, त्याला कोण काय करणार.

दुसऱ्या दिवशी सरावाला पोशाख चढवताना तो नवीला म्हणाला, "आज तू पुढे हो." तिनं भुवया उंचावल्या. "का?" "हो म्हटलं ना." सराव व्हायचा एका जुन्या धान्याच्या कोठारात, आत अंधार, लाकडी जिने, वळणं, धूर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या पुढे कुणी होतं. एरवी काचेतून भिंत दिसायची, जिना दिसायचा. आज पिवळी पाठ दिसली, आणि मानेखाली ती वाटोळी झडप. त्यानं कधी पाहिलीच नव्हती, चालत्या माणसाच्या पाठीवरची. पहिल्या जिन्यावर ती उचलायची आणि मिटायची, उचलायची आणि मिटायची, आणि मिटल्यावर थोडी थांबायची. त्या थांबण्यात एक विसावा होता, झोपलेल्या माणसाच्या छातीत असतो तसा. दुसऱ्या जिन्यावर ती भराभर उचलू लागली, पण मिटायची नक्की. त्याला चालायचं भान राहिलं नाही. नवीच्या चेहऱ्यावर, आवाजात, डोळ्यांत जे कधी दिसलं नसतं ते सगळं इथं पाठीवर मांडलेलं होतं. ती कुठे थकते, कुठे घाबरते, कुठे सावरते. माणसाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं त्याला झालं. आणि मग, तिसऱ्या जिन्याच्या तोंडाशी, आतला सगळा घाम एकदम गार पडल्यासारखा झाला. मेहुण्यानं आयुष्यभर हेच पाहिलं. माझ्या मागे राहून. माझी उघडी झडप.

सगळ्या जुन्या वेळा एकामागून एक येऊन त्याच्यापुढे उभ्या राहू लागल्या. शीतगृहाचं तळघर, जिथे दार सापडत नव्हतं आणि त्याला एक गमतीशीर हलकेपणा आला होता, सगळं सोपं वाटत होतं, आणि नेमका तेव्हा खांद्यावर हात पडला होता. तेव्हा तो चिडला होता. अजून जरासं थांबता आलं असतं याला! खाणीवरचा तो लोखंडी जिना. तिथं त्याचे गुडघे हलकेच थरथरत होते आणि तो मनात म्हणत होता, थंडीनं. हात पडला. बाहेर आल्यावर त्यानं मुखवटा काढला आणि पाहिलं, मेहुणा पायरीवर बसून पाणी पीत होता. सावकाश, घोट घोट. दमलेला माणूस असं पाणी पीत नाही. हे तेव्हाही दिसलं होतं. डोळ्यांना दिसलं होतं, त्यानं ते आत घेतलं नव्हतं. तो पुढे चालणारा माणूस होता, आणि पुढे चालणाऱ्याला वाटत असतं की मागचा मागे पडलाय.

घरी आला तर बायको गॅसवर बटाटे उकडत होती आणि सुरीनं पुनःपुन्हा टोचून बघत होती. तो दाराशी टेकून उभा राहिला. विचारावं कसं, हे त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "दादा कधी तुला काही बोलला होता? आमच्या जोडीबद्दल?"

"काय बोलणार?"

"कोण फिरायचं त्याबद्दल."

तिनं सुरी खाली ठेवली. "हे आज काय नवीन?" मग त्याच्या तोंडाकडे पाहून तिचा आवाज बदलला. "अहो, बसा आधी. पाणी देऊ का?"

"सांग ना."

"तसं काही बोलला नाही कधी. लग्नाआधी एकदा म्हणाला होता. म्हणाला, माणूस चांगला आहे, पण हा पुढे चालतो आणि दम संपला तरी ह्याला कळत नाही. मी असेन तोवर काळजी करू नकोस. बस. मीही पुन्हा विचारलं नाही."

"आणि इतकी वर्षं मी जी त्याची चेष्टा करायचो, तुझ्यासमोर, आईंसमोर?"

 "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही दोघं मिळून करताय ती गंमत. उलटं बोलून. म्हणून तर मी हसायचे."

भांड्यातलं पाणी आटत आलं होतं. तिनं त्यात आणखी पाणी ओतलं. त्याला वाटलं, बायकोनं आपल्याला वेडं ठरवलं असतं तर परवडलं असतं. तिनं तर आपल्याला शहाणं मानलं होतं, मोठ्या मनाचं मानलं होतं, ताटावर बसून भावाची थट्टा करणाऱ्या नवऱ्यात तिला दोघांची मैत्री दिसली होती. एवढ्या वर्षांचा संसार तिनं एका अशा माणसाशी केला होता, जो नव्हताच. त्याला तिचा हात धरावासा वाटला आणि त्यानं तो धरला. हात ओला होता, बटाट्याच्या सालींचा वास येत होता. "परीक्षा कधी आहे?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. "मग?" ती म्हणाली. तो सुरी घेऊन बटाटे टोचून बघू लागला.

प्रश्न आता मेहुण्याचा राहिला नव्हता. परीक्षा जोडीची असते. कोठाराच्या माथ्यावर वाळू भरलेला एक बाहुला ठेवतात, माणसाएवढा जड. पथकात त्याला पाहुणा म्हणतात, कारण आणायला जावं लागतं आणि जाता जात नाही. जोडीनं आत शिरायचं, वर चढायचं, पाहुण्याला खाली घेऊन यायचं. आणला तर पास. मधूनच फिरले तर दोघंही नापास, कोण फिरलं ते विचारायचं नाही, आणि दोघांनाही वर्षभर पोशाख बंद. भाता पोशाखातून कायमचा बाहेर पडला असता. या वयात वर्षभर बसलेल्याला पुन्हा कोण घेतो? आणि नवीच्या पाठीवर पहिल्याच परीक्षेत डाग. पथकातल्या बायकांकडे आधीच सगळे डोळे वटारून बघत असतात. ती फिरली, असंच सगळे धरून चालले असते, न विचारता, जसं मेहुण्याबद्दल धरून चालले होते. आणि समजा, रेटून नेलं. पास झालो. मग उद्या खरोखरचा वायू फुटला, आणि ही पोरगी माझ्या मागे आत आली, भात्याच्या मागे, निर्धास्त?

सकाळी तो मेहुण्याकडे गेला. निवृत्त झाल्यापासून मेहुणा गच्चीवर पत्र्याच्या डब्यांतून कांदे लावायचा. इतक्या उंचावर ते सुपारीएवढेच व्हायचे, तरी लावायचा. जिना चढून भाता वर पोचला आणि कठड्याला टेकला. मेहुण्यानं त्याला श्वास घेऊ दिला, मग म्हणाला, "या जावईबापू. आज सासुरवाडीची आठवण कशी?" भाता एका उपड्या डब्यावर बसला. त्यानं ठरवून आणलेली वाक्यं होती, ती एकही आठवेना.

"तू का फिरायचास?" त्यानं विचारलं.

मेहुणा मातीत बोट घालून ओल बघत होता. "असं विचारायचं नसतं."

"आता तर तू पथकात नाहीस."

"तू आहेस ना."

"माझी झडप दिसायची तुला."

 एका डब्यातलं तण मेहुण्यानं उपटलं, मुळाची माती झटकली. भात्याला वाटलं, आता हा रागवेल, निदान आता तरी. इतक्या जेवणांचा, नायकपदाचा, मुलीला शिकवलेल्या त्या फिरा-फिराचा हिशेब मागेल. त्यानं तो मागावा अशी भात्याची फार इच्छा होती. "एकदा तरी सांगायचंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू फिरला असतास? मेला असतास, पण फिरला नसतास," मेहुणा म्हणाला. "माझी बहीण आहे घरात." मग डब्यावर पाणी शिंपडत त्यानं विचारलं, "ती नवीन पोरगी. पुढे असते का मागे?"

"मागे."

"बघते?"

"तिनंच सांगितलं."

"मग बरं," मेहुणा म्हणाला, आणि दुसऱ्या डब्याकडे वळला. चहा करू का, असं त्यानं विचारलं. भाता हो म्हणाला. दोघं चहा प्याले आणि कांद्यांवर बोलले.

परीक्षेच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सगळं पथक कोठाराच्या दाराशी जमलेलं, नायक हाताची घडी घालून उभे. हे नायक भात्याहून वयानं लहान, त्याच्याच हाताखाली शिकलेले, म्हणून त्याला अहो-जाहो करायचे. शिंप्यानं पाठीची चेन ओढली आणि जग संपलं. भाता पुढे, नवी मागे. त्याचं मनाशी ठरलं होतं: आपण हात मारायचा. वेळ आली की वळायचं आणि तिच्या खांद्यावर हात मारायचा; त्यात काय मोठंसं. पहिला जिना गेला. दुसरा गेला. माथ्यावर पाहुणा आडवा पडला होता, त्यांनी त्याला काखांतून धरलं आणि ओढायला सुरुवात केली, आणि भात्याला जाणवलं की तो हलकेपणा येतोय, शीतगृहातल्या तळघरासारखा. सगळं सोपं वाटू लागलं. आता, तो स्वतःला म्हणाला. आता हात मार. हात उचलेना. तो थकला होता म्हणून नव्हे. पाहुण्याला ओढत होताच की तो हात. त्या हाताला दुसऱ्याच्या खांद्यापर्यंत जायचा रस्ताच माहीत नव्हता. आयुष्यभर भात्यानं दुसऱ्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला होता, हात मारायला तो कधी शिकलाच नव्हता. अजून एक पायरी, त्याचं शरीर म्हणालं, अजून एक, मग बघू. काच पांढरी झाली. श्वास घोंघावत होता आणि त्यातून त्याला वाटलं की कुणीतरी पलीकडच्या खोलीत जोरजोरात लाकूड कापतंय. त्यानं पाहुण्याचा खांदा सोडला, हात वर घेतला, छातीपर्यंत आला हात, आणि तेवढ्यात त्याच्या खांद्यावर मागून हात पडला. रबरातून सगळ्यांचे हात सारखेच लागतात. क्षणभर त्याला वाटलं मेहुणा आहे. तो वळला आणि दोघं पाहुण्याला तिथंच ठेवून उतरू लागली.

बाहेर उजेड होता. शिंप्यानं चेन उघडली, मुखवटा निघाला, आणि पातळ, गार, कोरडी हवा तोंडावर आली. भाता गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. नवी शेजारी उभी होती, केस चिकटलेले, गाल लाल. ती सावकाश पाणी पीत होती, घोट घोट. कुणीही काही विचारलं नाही. सगळे कुठे ना कुठे बघत होते, कुणी बुटांकडे, कुणी आभाळाकडे. ती न बोलण्याची शांतता भात्यानं किती वेळा अनुभवली होती, आणि दर वेळी ती त्याला आपल्या बाजूची वाटली होती. आज त्यानं पाहिलं की त्या शांततेला डोळे असतात. ते चोरून नवीकडे जात होते. विचारत कुणी नव्हतं, कारण विचारायची कुणाला गरजच नव्हती. भाता आत गेला आणि फिरून आला, मग फिरलं कोण ते उघड आहे. नायकांनी घसा साफ केला. "ठीक आहे. दोघांनाही—"

"मी फिरलो," भाता म्हणाला.

नायक थांबले. "कुणी विचारलेलं नाही."

"माहीत आहे. मी सांगतोय. मी फिरलो. माझा दम संपला. हिचा नव्हता संपला, हिची परीक्षा दुसऱ्या कुणाबरोबर घ्या."

नवीनं बाटली खाली घेतली. "काका, हात तर मी—" "तू गप्प बस," तो म्हणाला, मुलीला म्हणावं तसं. ती गप्प बसली, पण त्याच्यावरची नजर तिनं काढली नाही. आपण खरं बोललो की खोटं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. छातीपर्यंत आलेला हात अजून तिथंच अडकलेला होता. "आणि एक," तो म्हणाला, श्वास घेऊन, मध्ये थांबून, सगळ्यांना तो थांबलेला दिसू देत. "मेहुणा कधीच फिरला नव्हता. इतक्या वर्षांत एकदासुद्धा नाही. तेही मीच."

 मग मागच्या रांगेतला एकजण, टँकर चालवणारा, मुळात हसरा माणूस, अवघडलेपण सोडवायला म्हणून ओरडला, "आयला, भात्याला भोक पडलं की!" आणि पथक हसलं. वाईट मनानं नव्हे. सुटका झाल्यासारखं हसलं, नायकसुद्धा हसले. भात्यानं हसायचा प्रयत्न केला. ते लागलं. वाटलं होतं त्याहून जास्त लागलं, बरगड्यांच्या आत कुठेतरी. आणि हे एकदाच होतं, एक वाक्य, एका गमत्या माणसाचं. मेहुण्यानं हे जेवणाच्या ताटावर ऐकलं होतं, वर्षानुवर्षं, बहिणीसमोर, आईसमोर, भाचीच्या तोंडून, आणि हसून वर आणखी वाढून मागितलं होतं. भात्याचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत. शिंपी त्याच्या पायांतला बूट ओढून काढत होता, त्यानं पाय सैल सोडला आणि काढू दिला.